एक थाळी, दोन हात

साठ-सत्तरच्या दशकात ज्यांच्या घरी रेकॉर्ड प्लेअर होता, त्यांना पिनेशेजारची ती इवलीशी दांडी आठवत असेल. तिच्या एका बाजूला ‘७८’ आणि दुसऱ्या बाजूला ‘एलपी’ असे लिहिलेले असायचे. आजोबांच्या वेळची बालगंधर्वांची जड, काळी तबकडी लावायची तर दांडी इकडे वळवायची. गीतरामायण किंवा पु. ल. देशपांडे ऐकायचे तर तिकडे. ही दांडी वळवण्याचा मान बहुधा वडिलांकडे किंवा थोरल्या भावाकडे असे. धाकट्याने हात लावला की आतून आवाज यायचा, ‘‘अरे, पिन बघितलीस का?’’ पुढे ही पिन आपल्या बोलण्यातही येऊन बसली. एखादा माणूस तेच ते सांगू लागला की ‘त्याची पिन अडकली’ असे आपण आजही म्हणतो. म्हणणाऱ्याने जन्मात कधी रेकॉर्ड पाहिलेली नसली तरीसुद्धा.

त्या दांडीत एक शहाणपण होते. सगळ्या तबकड्यांना एकच पिन चालत नाही, हे ते. एवढ्या एका गोष्टीपायी मी गेल्या काही वर्षांत इथे सोलापुरात, यंत्रमागांच्या खडखडाटात, तीन आर्म बसवता येतील असा एक टर्नटेबल करून घेतला. त्याचीच ही हकीगत. ज्यांना यंत्रांची आवड नाही त्यांनीही ती वाचावी, कारण यात यंत्रापेक्षा माणसांचा भाग जास्त आहे.

आधी खाचेची गोष्ट. तबकडीवर जी बारीक वर्तुळे दिसतात, ती वर्तुळे नसतात. बाहेरून आत जाणारी ती एकच सलग खाच असते. दहा इंची ७८च्या एका बाजूला गाणे असते जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटांचे, आणि तेवढ्या वेळात पिन या खाचेतून अंदाजे सव्वाशे मीटर चालून जाते. एलपीच्या एका बाजूला तीच वाटचाल ४०० मीटरच्या घरात जाते. खाचेच्या दोन्ही भिंतींवर गाणे कोरलेले असते. पिनेने भिंतींना बेताचे टेकून चालायचे, तळाला लागायचे नाही. ७८ची खाच रुंद, म्हणून तिला साधारण ६५ ते ७५ मायक्रॉन त्रिज्येची बोथट पिन लागते. जुन्या मोनो एलपीला २५ मायक्रॉनची, तर स्टिरिओला त्याहूनही बारीक. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. एलपीची बारीक पिन ७८वर ठेवली तर ती खाचेच्या तळाशी जाऊन बसते आणि गाण्याऐवजी शंभर वर्षांची धूळ ऐकवते. उलट ७८ची पिन एलपीवर ठेवली तर ती खाचेत मावतच नाही. भिंतींचे काठ घासत जाते आणि एकदा घासलेला सूर पुन्हा येत नाही.

वजनाचेही तसेच. चावीच्या ग्रामोफोनचा साउंडबॉक्स पोलादी पिनेवर शंभर ग्रॅमहून जास्त भार टाकत असे. म्हणून त्या काळी दर बाजूला पिन बदलायची असा दंडक होता. ७८च्या तबकड्या लाखेच्या. छोटा नागपूरच्या जंगलातली, बांगड्यांना वापरतात तीच लाख जगभरच्या कारखान्यांत जायची. तिच्यात दगडाची पूड मिसळलेली असे. पहिल्या काही फेऱ्यांतच ती पूड पिनेला घासून खाचेच्या मापाची करी. आजच्या हिऱ्याच्या पिनेला मात्र दीड-दोन ग्रॅम पुरतात, फार तर चार-पाच.

वेगाचा हिशेब आणखी निराळा. ‘७८’ हा आकडा आपण सरसकट म्हणतो, पण सुरुवातीच्या वर्षांत कंपन्या त्याबाबत काटेकोर नव्हत्या. कोणी पंचाहत्तरला ध्वनिमुद्रण करी, कोणी ऐंशीला. ७८च्या जागी ८० फेऱ्यांनी वाजवले तर गायकाचा स्वर जवळजवळ अर्ध्या पट्टीने चढतो. गायकाला जे साधले नसते ते मोटर साधून देते.

फ्रेड गैसबर्ग या ध्वनिमुद्रकाने कलकत्त्याला भारतातली पहिली गाणी टिपली ती १९०२ साली. एलपी आली १९४८ साली अमेरिकेत, आणि स्टिरिओ तबकड्या बाजारात येईपर्यंत १९५८ उजाडले. पाश्चात्त्य देशांत १९६०च्या सुमारास ७८ बंद पडल्या, तरी आपल्याकडे त्या पुढे दहाएक वर्षे निघत राहिल्या. खेडोपाडी चावीचे ग्रामोफोन होते आणि वीज नव्हती, हे त्याचे साधे कारण. त्यामुळे आपल्याकडच्या एकाच ट्रंकेत तिन्ही काळ एकत्र नांदताना सापडतात. सोलापूरच्या ट्रंकेत तर भाषाही एकत्र नांदतात. मराठी नाट्यपदांच्या खाली कन्नड वचने, त्याखाली तेलुगू सिनेमा आणि तळाशी उर्दू कव्वाली असा ढीग मी एकाहून अधिक घरांत पाहिला आहे. आमच्या सोलापूरच्या शाहीर रामजोशींवर १९४७ साली ‘लोकशाहीर रामजोशी’ हा चित्रपट निघाला. त्यात जयराम शिलेदार गायले. त्या चित्रपटाची ७८ची तबकडी आणि पाचपंचवीस वर्षांनंतरची एखादी स्टिरिओ एलपी शेजारी शेजारी ठेवली, तर दिसायला दोन्ही काळ्या आणि गोल. ऐकण्याची रीत मात्र पूर्ण निराळी.

आता कोणी म्हणेल, पिन बदलावी की! त्यासाठी दोन-तीन आर्म कशाला? शंका रास्त आहे. पिनेचे डोके काढून दुसरे लावता येते. पण डोके बदलले की वजन बदलते. मागचा तोल पुन्हा साधावा लागतो. ७८ची तबकडी जाड, एलपी पातळ. म्हणजे आर्मची उंचीही बदलावी लागते. सगळे जुळवून एक गाणे ऐकावे, पुन्हा सगळे मोडावे आणि दुसऱ्यासाठी मांडावे. बँकेत आम्ही बचत खात्याचे आणि कर्ज खात्याचे लेजर वेगळे ठेवायचो. दोन्हींत हिशेब रुपयांचाच असला तरी एक पुसून दुसरे लिहीत नसू. प्रत्येक आर्म आपल्या पिनेसाठी एकदा नीट लावून ठेवावा आणि मग त्याला हात लावू नये, हा त्यातला सरळ विचार.

ही कल्पना माझी नव्हे. जपानच्या मायक्रो सेकी कंपनीने सत्तरच्या दशकात डीडीएक्स-१००० नावाचा टर्नटेबल काढला होता, त्यावर तीन आर्म बसत. माझे यंत्र त्याहून जुन्या घराण्यातले, गॅरार्ड ४०१. इंग्लंडमधल्या स्विंडन गावची ही कंपनी. राजघराण्याचे जवाहीर असलेल्या गॅरार्डनी ती १९१५ साली काढली. तिचे ३०१ हे मॉडेल १९५४ साली आले आणि ४०१ हे १९६५ साली. गंमत अशी की, ही दोन्ही यंत्रे अर्धवट विकली जात. मोटर आणि थाळी कंपनी देणार. खालची बैठक आणि वरचा आर्म ज्याचा त्याने पाहायचा. म्हणजे स्वतःच्या मनासारखे घडवून घेण्याची सोय मुळातच होती. मी मुंबईहून आणली तीही नुसती मोटर आणि थाळी, एका चांगल्या मोटरसायकलच्या किमतीत. ती खोक्यातून निघाली तेव्हा घरातून पहिला प्रश्न आला, ‘‘अहो, पण याचं बाकीचं कुठंय?’’

आर्मच्या जगात सर्वांत मोठे नाव एसएमई या इंग्रज कंपनीचे. तिची सुरुवात १९४६ सालची, आणि मूळ धंदा छोट्या प्रतिकृतींचे सुटे भाग करण्याचा. तिचे मालक रॉबर्टसन-एकमन यांना स्वतःला गाणे ऐकण्यासाठी चांगला आर्म हवा होता. मनासारखा मिळेना, म्हणून त्यांनी आपल्याच कारखान्यात एक करवून घेतला. १९५९ साली तो विक्रीला आला आणि कंपनीचा धंदाच बदलून गेला. आपल्या वाचकांना विशेष वाटेल अशी गोष्ट पुढची आहे. २०१६ साली ही एसएमई पुण्याचे उद्योजक अजय शिर्के यांच्या केडन्स समूहाने विकत घेतली, आणि २०१८ साली गॅरार्डचे नावही. क्रिकेट मंडळाचे माजी सचिव म्हणून शिर्के आपल्याला ठाऊक असतात. गाण्याच्या यंत्रांची ही बाजू फारशी ठाऊक नसते. २०१९च्या डिसेंबरात एसएमईने सुटे आर्म विकणे थांबवत असल्याचे जाहीर केले. २०२० साली जपानच्या जेल्को या आर्म बनवणाऱ्या कंपनीने गाशा गुंडाळला. तेव्हापासून जुन्या आर्मना भलताच भाव आला.

मी दोन आर्म जमवले. स्टिरिओ एलपीसाठी रेगा कंपनीचा नऊ इंची आणि मोनो एलपी व ७८साठी एसएमईचा जुना बारा इंची. या बारा इंचीचे डोके पटकन निघते, म्हणून दोन्ही जुन्या पिना त्यालाच दिल्या. दोन्हींची जोखीम आणि वजन जवळपास सारखे निघाले. यातली ७८ची पिन डेन्मार्कच्या ऑर्टोफोनची, ६५ मायक्रॉनची.

राहिला प्रश्न बैठकीचा. आणि इथे सोलापूर मदतीला आले.

आमच्या गल्लीच्या मागे यंत्रमाग आहेत. चादरी आणि टॉवेल विणणाऱ्या या शहरात ती काही नवलाची गोष्ट नव्हे. त्यांची खटखट कानांना सवयीची झाली आहे, पिनेला मात्र नाही. थाळी थांबलेली ठेवून पिन तबकडीवर टेकवली आणि आवाज वाढवला की स्पीकरमधून माग ऐकू येत. जमिनीतून, भिंतीतून, टेबलातून ती थरथर वर चढत होती. जड वस्तू सहज हलत नाही, म्हणून खाली शहाबादी फरशी घ्यायची ठरली. शहाबाद इथून रेल्वेने काही तासांवर. आपल्याकडची निम्मी अंगणे त्याच दगडाची. फरशीवर अठरा मिलिमीटर प्लायचे पाच थर, आतून मोटरपुरते कोरलेले. आणि फरशीखाली नातवाच्या जुन्या सायकलची ट्यूब, अर्धवट हवा भरून. ही ट्यूबची युक्ती जगभरचे शौकीन वापरतात. तिने मागांचा आवाज असा थोपवला की, पिनेपुरते यंत्रमाग बंद पडले.

आर्म बसवण्यासाठी पितळी चकत्या हव्या होत्या. त्या करून दिल्या मागांचे सुटे भाग करणाऱ्या एका लेथवाल्यांनी. त्यांचे वडील गिरणीच्या वर्कशॉपमध्ये होते. सोलापुरातल्या मोठ्या गिरण्या एकेक करून बंद झाल्या, पण तिथे शिकलेले हात गावातच राहिले, छोट्या शेडांमधून कामाला लागले. मी त्यांच्यापुढे कागद ठेवला. थाळीच्या मध्यापासून एका आर्मच्या खुंटीपर्यंत अंतर २२२ मिलिमीटर, दुसऱ्याचे २९५.६. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. ‘‘हे पॉइंट सहा कशाला ओ साहेब? गाणं ऐकायचंय का रॉकेट सोडायचंय?’’

त्याचे कारण त्यांना सांगितले, तेच इथेही सांगतो. कारखान्यात मूळ तबकडी कोरणारी सुई कडेपासून मध्याकडे सरळ रेषेत सरकते. आपला आर्म मात्र एका खुंटीभोवती फिरतो, म्हणजे कमानीत सरकतो. कोरणाऱ्याची वाट सरळ आणि वाचणाऱ्याची वाकडी. आर्मला थोडा बाक देऊन आणि अंतर नेमके राखून ही वाकडी वाट दोन ठिकाणी खाचेशी अगदी समांतर करता येते. एलपीसाठी नेहमीच्या मांडणीत ही दोन ठिकाणे मध्यापासून ६६ आणि १२०.९ मिलिमीटरवर येतात. बाकीच्या ठिकाणी चूक उरते, पण थोडी. आर्म लांब असेल तर कमान सपाट होते आणि चूक आणखी घटते. बारा इंची आर्मचे कौतुक त्यासाठी. हे सगळे गणित मध्याच्या खुंटीशी बांधलेले असल्यामुळे आर्म थाळीच्या उजवीकडे बसवा, मागे बसवा की डावीकडे. अंतर राखले की झाले. घड्याळातल्या आकड्यांसारखे. म्हणूनच एका थाळीभोवती अनेक आर्म उभे करता येतात.

लेथवाल्यांनी ऐकून घेतले आणि थोड्या वेळाने म्हणाले, ‘‘मग भोक मधोमध कशाला पाडायलाव? जरा कडंला पाडू. चकती फिरवली की अंतर कमीजास्त होतंय की. आमच्या मागात असतंय असलं.’’ पुस्तकांतून आणि महागड्या यंत्रांतून आढळणारी ही युक्ती त्यांनी मागावरून उचलली. तीन चकत्या झाल्या. मिलिमीटरचा दशांश आता बोटाने चकती फिरवून साधता येतो.

त्यानंतर तारा. प्रत्येक आर्मची अर्थिंगची तार वेगळी काढून एकाच ठिकाणी जोडावी लागते, नाहीतर स्पीकरमधून घुंऽऽ असा घोर सुरू होतो. कुठला आर्म चालू, कुठला बंद यासाठी एक छोटा खटका. आणि वेग पाहायला रेषांची चकती. आपल्याकडची वीज ५० सायकलची, म्हणजे जुनी ट्यूबलाइट सेकंदाला शंभरदा मिणमिणते. ७७ रेषांची कागदी चकती थाळीवर ठेवली आणि त्या रेषा जागच्या जागी स्थिर दिसल्या, की वेग ७७.९२ फेऱ्या, म्हणजेच ‘७८’. घरात सगळीकडे एलईडी आले तरी या खोलीत चोकवाली ट्यूब ठेवली आहे ती एवढ्यासाठी. तिसऱ्या चकतीवर अजून आर्म नाही. तिच्याकडे पाहून घरची टीका अशी : ‘‘माझ्या हाताखाली दोन हात मिळत नाहीत, आणि गाण्याला तीन?’’

हा सगळा खटाटोप शौकापुरता राहिला असता तर त्यावर एवढे लिहिले नसते. पण गावात बातमी पसरली आणि लोक आपापल्या ट्रंका उघडू लागले.

पंढरपूरकडच्या एक निवृत्त शिक्षिका एकदा दहा इंची तबकडी घेऊन आल्या, जुन्या नऊवारीच्या तुकड्यात गुंडाळलेली. त्यांची आत्या लग्नाआधी, १९३०च्या दशकात, थोडे दिवस नाटक कंपनीत गात होती. त्या दिवसांतली तिची ही एकच तबकडी, दोन पदांची. लग्नानंतर गाणे सुटले. घरातला ग्रामोफोन पुढे विकला गेला. भाच्यांनी आत्याला कधी गाताना ऐकले नव्हते. एका ओळखीच्यांच्या साध्या प्लेअरवर त्यांनी तबकडी लावून पाहिली, तेव्हा नुसती खरखर आली होती. ‘‘वाजत नसेल तर राहू दे, पण एकदा बघा,’’ बाई म्हणाल्या.

अशा तबकडीला फार फेऱ्या परवडत नाहीत. आधी ती डिस्टिल्ड वॉटरने पुसून वाळवली. लांब आर्मला ६५ मायक्रॉनची पिन लावली, भार दोन ग्रॅमच्या आत ठेवला, आणि पहिल्या फेरीपासून ध्वनिमुद्रण सुरू केले. खरखर होती, पण आता ती खालच्या बाजूला राहिली आणि वर एक टोकदार, तरुण आवाज उमटला. साथीला पेटी होती. बाईंनी सोबत आत्याची पेटी आणली होती, आठवण म्हणून. मी ती उघडून पट्टी शोधू लागलो, तर तबकडीतला षड्ज कुठल्याच पट्टीवर बसेना; काळी चार आणि तिच्या वरची पांढरी यांच्या मधे लोंबकळत होता. पेटीला स्वर मधे ठेवता येत नाही. म्हणजे तबकडी जास्त वेगाने फिरत होती. वेगाचा खटका हळूहळू मागे घेतला, रेषा उलट्या सरकू लागल्या आणि साडेशहात्तरच्या आसपास षड्ज काळी चारवर येऊन बसला. तरुण आवाजातला बारीकपणा गेला. जी उरली ती एक धीट, भरलेली बाई होती.

दोन्ही पदे मिळून सहा मिनिटे. बाई काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘‘आत्या एवढ्या मोठ्याने गायची, हे आम्हाला माहीतच नव्हतं हो. आमच्या घरात ती कधी आवाज चढवून बोलली नाही.’’

कादंबरीकार म्हणून मी माणसांच्या तोंडी बरीच वाक्ये घातली. हे वाक्य मला सुचले नसते. आणि ते ऐकायला मिळाले ते ६५ मायक्रॉनच्या पिनेमुळे, पितळी चकतीमुळे आणि फेरी-दीड फेरी कमी केलेल्या वेगामुळे. तबकडी ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वी होती तशीच होती. तिने आपल्यासाठी काही बदलायचे नव्हते. बदलायचे होते ते आपण, पिन, वजन आणि वेग यांसकट. घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे ऐकायचे झाले तरी याहून वेगळे काय करावे लागते?

मुंबईत १९९० साली सुरू झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ने आणि तिचे सुरेश चांदवणकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी या जुन्या आवाजांची नोंद ठेवण्याचे मोठे काम केले. नामवंतांच्या तबकड्या कुठे ना कुठे सापडतात. एकच तबकडी देऊन गप्प झालेल्यांची मात्र शेवटची प्रत एखाद्या माळ्यावरच असण्याचा संभव जास्त. म्हणून घरोघरी करता येतील अशा चार गोष्टी सांगतो. तबकड्या वजनावर रद्दीवाल्याला देऊ नका. ७८ स्पिरिटने पुसू नका. लाख स्पिरिटमध्ये विरघळते आणि तिच्याबरोबर गाणेही. त्या एकावर एक रचू नका, पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा आणि आपल्याकडचा मे महिना त्यांना लागू देऊ नका. पत्र्याखालच्या माळ्यावर एका उन्हाळ्यात एलपीची पत्रावळ होते. हौस म्हणून जुन्या ग्रामोफोनची गंजलेली पिन त्यांवर टेकवू नका.

आणि ट्रंक सापडलीच तर वाजवण्याची घाई करू नका. आधी कपड्याने धूळ झटका, लेबल उजेडात धरा आणि त्यावरचे नाव घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाला मोठ्याने वाचून दाखवा. ते काय सांगतात ते लिहून घ्या. पिन, आर्म, मोटर हे सारे नंतर जमवता येते. ही माहिती सांगणारे माणूस नंतर मिळेलच असे नाही.